सासूबाईंचा शनिवार

१९८८ साली लग्न होऊन कोळगावात आले आणि घरातला एक नियम कळला. शनिवारी रात्री भांडी आवरली की सासूबाई ओटीवर रेडिओ लावून बसत. तेवढा वेळ त्यांना कुणी हाक मारायची नाही! आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५२ पासूनचा. मला मेली झोप यायची, खरं सांगते.

त्यांचा जीव मात्र वाद्यवृंदात. तोही १९५२ चाच, दिल्लीतला. सुरुवातीची धुरा पंडित रविशंकरांकडे होती. सतार, सरोद, बासरी, व्हायोलिन... एकेक वाद्य आलं की त्या बोटांवर मोजत.

"आई, ह्यात पेटी कशी नाही हो?" मी एकदा विचारलं.

"पेटीत मींड निघत नाही म्हणे. १९४० पासून रेडिओवर बंदीच होती तिला. १९७१ ला सैल झाली." मग हळूच म्हणाल्या, "माझी नाही झाली."

माहेरी त्या भजनाला पेटी वाजवायच्या, हे मला त्या रात्री कळलं. सासरी कुणी हात लावू दिला नव्हता.

गेल्या दिवाळीत मी एक जुनी पेटी आणली. वरचं फडकं त्यांनी अजून काढलेलं नाही. शनिवारी मात्र ती जवळ आणून ठेवायला सांगतात.