दुकान कोणाचे?

मुंबईत पागडीवर दुकान घेतलेल्या व्यापाऱ्याला विचारा, तो म्हणेल, ‘दुकान माझे.’ दर महिन्याला भाडेपावती फाडणारा घरमालकही म्हणेल, ‘माझे.’ दोघेही खोटे बोलत नाहीत. मालकी म्हणजे अनेक हक्कांचे गाठोडे: वापरणे, विकणे, भाड्याने देणे, वारसांना देणे. ते कसे वाटायचे हे प्रत्येक अर्थव्यवस्था आपल्या परीने ठरवते.

शिलाई मशीनचे उदाहरण घेऊ. भांडवलशाहीत कारागीर ते स्वतः चालवील, भाड्याने देईल किंवा त्यावर पगारी माणूस बसवील, नफा त्याचाच. सोव्हिएत रशियात जमीन सरकारची होती. तरी १९३६ च्या राज्यघटनेने कारागिरांना स्वतःच्या मेहनतीवर छोटा धंदा करू दिला. अट एकच, दुसऱ्याच्या श्रमाचे शोषण नको. म्हणजे मशीन त्याचे, पण त्यावर मजूर बसवला की बेकायदा! कारखाने ‘जनतेचे’ होते खरे. पण कामगाराला त्यातला आपला वाटा ना विकता येई, ना मुलाला देता येई. चीनमध्ये आजही शहरातील जमीन राज्याची आहे. व्यापारी जागेचा वापरहक्क जास्तीत जास्त ४० वर्षांचा, मात्र तो विकता आणि गहाण ठेवता येतो.

इस्लामी अर्थव्यवस्थेत खरा मालक अल्लाह, माणूस अमानतदार. ही केवळ मिंबरवरून सांगायची गोष्ट नव्हे, तिचा हिशेबही आहे. मशीन उपजीविकेचे साधन, म्हणून त्यावर जकात नाही. विक्रीच्या कापडावर मात्र निसाब व वर्ष पूर्ण झाल्यास अडीच टक्के. वसीयत एक तृतीयांशापुरतीच. बाकीच्यात मुलगी, पत्नी, आई यांचे हिस्से ठरलेले. बहिणींना वगळून सगळा माल भाऊच वाटून घेतात, ते कोणती अर्थव्यवस्था पाळतात, त्यांनीच सांगावे.

आता पुन्हा पागडीकडे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने घरमालकाने पागडी घेणे गुन्हा ठरवले होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती वैध केली. पण लाखो रुपये मोजूनही घेणारा भाडेकरूच राहतो. करारात तरतूद किंवा घरमालकाची संमती नसेल, तर त्याला दुकान दुसऱ्याला देता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूनंतरही भाडेहक्क आधी जातो तो त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे. म्हणून पैसे देण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती घ्यावी, पावती आपल्या नावे करून घ्यावी आणि पुढे हस्तांतर करताना घरमालकाचा वाटा किती, हे करारातच लिहून घ्यावे.