अर्धी आलेली फाइल वाया घालवू नका!

दोस्तांनो, धड्याची मोठी फाइल उतरवून घ्यायला लावलीय. ऐंशी टक्के झाले, नव्वद झाले... आणि रेंज गेली! मग आपण चिडून ती अर्धवट फाइल पुसून टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे वेळ दुप्पट आणि बाबांनी भरलेल्या पैशांतला डेटाही दुप्पट. यावर काही उपाय?

उपाय आहे, आणि तो चांगला जुना आहे!

आपल्या देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमानं ते आणलं. तेव्हा घरच्या टेलिफोनला मोडेम नावाची पेटी जोडावी लागे. वेग होता सेकंदाला ९६०० बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर १२०० बाइट. आता करा गणित! दहा लाख बाइटांची फाइल यायला किती वेळ? ८३३ सेकंद, म्हणजे जवळजवळ १४ मिनिटं! मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा आज याहून मोठा असतो. त्यात मध्येच घरातल्या कुणी रिसीव्हर उचलला, की लाइन तुटलीच.

मग लोकांनी काय केलं? त्या काळी ‘शेल’ नावाचं स्वस्त खातं मिळे. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पण गंमत अशी, की त्यातून घरबसल्या कंपनीच्या मोठ्या संगणकाला हुकूम सोडता येई, ‘अमुक फाइल आणून ठेव.’ त्याची लाइन आपल्या फोनपेक्षा वेगवान. फाइल आधी तिथं येऊन पडे, मग सवडीनं घरी आणायची. मामांनी एसटीनं पाठवलेली आंब्याची पेटी आधी तालुक्याच्या स्टँडवर येते आणि तिथून आपण ती सायकलवर घरी नेतो, तसंच हे!

आणि सायकल वाटेत पंक्चर झाली तर? त्यासाठी १९८६ साली चक फोर्सबर्ग या अमेरिकन प्रोग्रामरनं तयार केलेली ‘झेड-मोडेम’ ही पद्धत होती. लाइन तुटली तरी आलेला भाग तसाच राही, पुढचा तेवढा आणायचा. १९९६ साली क्रोएशियाच्या ह्रवोये निक्शिच यानं ‘डब्ल्यूगेट’ हा प्रोग्राम दिला. त्याला काम सांगून तुम्ही खुशाल निघून जा, तो आपला प्रयत्न करत राहतो. लाइन तुटली, तर नंतर सर्व्हरला सांगतो, ‘सहा लाख बाइट माझ्याकडे आहेत, त्यापुढचे दे.’ सर्व्हरवर ही सोय असली, की झालं!

आता तुम्ही काय कराल?

अर्धवट फाइल लगेच पुसू नका. आधी ‘पुढे चालू करा’ म्हणून पाहा. फारच मोठी फाइल असेल, तर शहरातल्या ताईला किंवा दादाला ती उतरवून ठेवायला सांगा आणि सुट्टीत पेनड्राइव्हवर आणा. काही मोठ्या फाइलींबरोबर ‘शा-२५६’ नावाची अक्षरं-आकड्यांची लांब ओळ दिलेली असते. आपल्या फाइलवरून संगणकानं काढलेली ओळ तिच्याशी तंतोतंत जुळली, तर फाइल धड आली असं समजा.

एक मात्र लक्षात ठेवा. दूरचा संगणक चालवायचा, तर त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. ती आपल्याच माणसांत राहू द्या. कुणी अनोळखी माणूस फोनवर म्हणाला, ‘हे अ‍ॅप टाका, मी इथून तुमचा मोबाइल चालवतो,’ तर फोन ठेवा आणि आई-बाबांना सांगा.

बाकी, लाइन हळू असली म्हणून हिरमुसू नका. कुठवर आलो हे ज्याच्या लक्षात राहतं, त्याला पुन्हा पहिल्यापासून निघावं लागत नाही!