लेकीच्या नावे करमुक्त बचत

अल्पवयीन अपत्याच्या नावे मुदत ठेव ठेवली की व्याजावरील कर टळतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ते व्याज सर्वसाधारणपणे पालकाच्याच उत्पन्नात मिळविले जाते. करमुक्त व्याज हवे असल्यास छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पालकांना डाकघरात दोन मार्ग उपलब्ध आहेत. मुलगा असो वा मुलगी, १९६८ पासूनचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. आणि केवळ दहा वर्षांखालील मुलींसाठी २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना. २०२४ मध्ये पहिल्याचा व्याजदर ७.१ टक्के, तर दुसरीचा ८.२ टक्के होता. मुलीसाठी सुकन्याच श्रेयस्कर, हे उघड आहे.

या खात्यात वर्षाकाठी किमान २५० रुपये भरावयाचे असतात. दरमहा हप्ता बंधनकारक नाही. सिल्लोड, कन्नडकडील शेतकऱ्यास कापसाचे पैसे हाती येताच वर्षाचा भरणा एकदाच करता येतो. भरणा पंधरा वर्षे, मुदत एकवीस वर्षांची. पुष्कळांची गल्लत येथेच होते. ही एकवीस वर्षे खाते उघडल्यापासूनची, मुलीच्या वयाची नव्हेत! नवव्या वर्षी खाते उघडल्यास मुदत तिच्या तिसाव्या वर्षी संपते. मात्र अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, अथवा त्यापूर्वी ती दहावी उत्तीर्ण झाल्यास, उच्च शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकेपैकी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.