घराची डागडुजी (७) : आधी नकाशा रंगवा, मग विचारा

बाल्कनी आत घेण्याबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय, कारण ठाण्याच्या एका वाचक भगिनींची अडचण बाल्कनीच्याही आधीची आहे. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना म्हणाले, "आधी महापालिकेचं आणा." महापालिकेत सांगितलं, "आधी सोसायटीचं ना-हरकत आणा." दोन्हीकडे त्यांनी विचारलं होतं एकच : "मला रिनोव्हेशन करायचंय, परवानगी लागेल का?"

असं मोघम विचारलं की टेबलापलीकडचा माणूस "लागेल" म्हणून मोकळा होतो. त्याला तुम्ही काय फोडणार, काय हलवणार आणि वजन कुठे वाढवणार, हे कळलं तरच तो नीट उत्तर देऊ शकतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ४३ वाचा. काम फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरतं असेल आणि बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल, तर त्या कलमाखालची परवानगी लागत नाही. वारसा वास्तूंची गोष्ट वेगळी. मुंबईकरांनी याच्या जोडीला १८८८ च्या महापालिका अधिनियमाचं कलम ३४२ पाहावं.

हे वाचून लगेच घण उचलू नका. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लागल्याची रहिवाशांची तक्रार होती. काम आतलंच होतं की!

म्हणून माझा जुना हट्ट. सोसायटीकडून मंजूर नकाशाची झेरॉक्स घ्या. नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडून मिळवा. मग दोन स्केचपेन घेऊन बसा. जे पाडायचं त्यावर पिवळ्या तिरक्या रेघा, जे नवं बांधायचं ते लाल, सांडपाण्याची नवी लाइन लाल ठिपक्यांची. हे रंग माझ्या मनाचे नाहीत. बांधकाम परवानगीच्या नकाशांत हीच पद्धत आहे. रंगवता रंगवता निम्मे प्रश्न आपोआप सुचतात. संडासाचं भांडं दोन फूट सरकवलं की लाल ठिपके संडासाखालच्या खोलगट (संकन) स्लॅबच्या बाहेर जातात, म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या छताचा प्रश्न आला.

पहिला प्रश्न स्ट्रक्चरल इंजिनिअरला, कंत्राटदाराला नव्हे : पिवळ्या रेघांखालची भिंत कशावर उभी आहे आणि तिच्यावर काय उभं आहे? आरसीसी फ्रेमच्या इमारतीतली साडेचार इंची विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत तीच खात्री देता येत नाही. आणि नव्या टॉवरमध्ये मायवन शटरिंगचं काम असेल तर भिंती काँक्रीटच्याच असतात, वरच्या मजल्यांचा भार त्यांच्यावर असतो; तिथे वायरिंगसाठी झिरी मारायचीसुद्धा विचारून.

सोसायटीला विचारायचं ते कामाच्या वेळा, डिपॉझिट, लिफ्टमधून मलबा न्यायचा का आणि तो कुठे टाकायचा, पाणी किती वेळ बंद ठेवता येईल. उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरफार करायला समितीची लेखी परवानगी लागतेच, त्यामुळे "घर माझं आहे" हा वाद घालत बसू नका.

महापालिकेला मात्र अर्जच द्या. तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि टेबलावरचा माणूस बदलला की तेही बदलतं. भगिनींना मी मसुदा करून दिला तो असा : "स्वयंपाकघर व हॉल यांमधील साडेचार इंची विटांची, आठ फूट लांबीची भिंत काढावयाची आहे. खांब, तुळई, स्लॅब व बाहेरील भिंतीस हात लावणार नाही. इंजिनिअरचा दाखला व रंगीत नकाशा सोबत जोडला आहे. कलम ४३ अन्वये या कामास परवानगी आवश्यक आहे का? असल्यास कोणता अर्ज करावा?" या अर्जात "रिनोव्हेशन" कुठेही नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. ती प्रत सोसायटीला दाखवली की सेक्रेटरींचीही अडचण बरीचशी सुटते.

बाल्कनी पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर ज्यांना ती आत घ्यायची आहे त्यांनी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, दोन्हींच्या झेरॉक्स काढून ठेवाव्यात. त्यांच्याशिवाय पुढचा भाग वाचून उपयोग नाही.