परदेशातला तरुण संशोधक आणि त्याचे मन

वसई-विरारच्या अनेक घरांत आता रात्री उशिरा फोन वाजतो. पलीकडे परदेशात पीएचडी करणारा मुलगा किंवा मुलगी असते. 'जेवलास का?' यानंतर आईवडिलांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, 'पेपर कधी छापून येणार?' मग पलीकडे क्षणभर शांतता पसरते.

भौतिकशास्त्रातले संशोधन म्हणजे बराच काळ न जमणारे काम. गणित महिनोन् महिने सुटत नाही. सुटले तर कोणी त्यात चूक दाखवतो. शाळेत कायम पहिल्या आलेल्या मुलाला याची सवय नसते.

डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढे फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन सुरू केले. विश्वाला आरंभ नाही, असे सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत हॉईल मांडत होते. फेब्रुवारी १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीच्या आधारे या सिद्धांतालाच आव्हान दिले. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्याला उत्तर देण्याची जबाबदारी हॉईल यांनी या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर टाकली आणि त्याने ती पेलली.

१९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी महास्फोटाच्या बाजूचा मोठा पुरावा, विश्वातील सूक्ष्मलहरींचे प्रारण, जाहीर झाला. बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले. नारळीकर मात्र काम करत राहिले आणि १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. सिद्धांतावरची टीका म्हणजे आपल्यावरची टीका नव्हे, हे ज्याला उमगते तोच इतका काळ टिकतो.

अशा टिकण्याला संशोधनाबाहेरचे छंदही हातभार लावतात. हॉईल डोंगर चढत आणि विज्ञान कादंबऱ्या लिहीत. त्यांच्या शिष्यानेही पुढे मराठी विज्ञानकथा लिहिल्या. पहिली कथा स्पर्धेसाठी त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून!

शरीराचाही यात वाटा असतो. डिसेंबरमध्ये वसईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, केंब्रिजमध्ये चारच्या आधीच. उजेड कमी झाला की काहींची झोप बिघडते, मन खालावते. नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या हिवाळी औदासीन्याचे वर्णन केले. सकाळच्या उजेडात रोज चालणे, जेवणा-झोपेच्या वेळा पाळणे आणि आठवड्यातून एकदा तरी माणसांत मिसळणे, हे साधे उपाय उपयोगी पडतात. मात्र दोन आठवडे उदासी टिकली, झोप आणि भूक उडाली, आवडत्या गोष्टींतही मन रमेना, तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जायला हवे. जगणे नकोसे वाटू लागले तर त्याच दिवशी. यात कमीपणा नाही.

आईवडिलांनी एवढेच करावे. पुढच्या फोनला पेपरचा प्रश्न बाजूला ठेवून विचारावे, 'आज फिरायला गेला होतास का? कोणाशी बोललास?' उत्तर यायला वेळ लागला तरी फोन ठेवण्याची घाई करू नये.