लष्करी डॉक्टरचा संसार : रँक, पगार आणि क्वार्टरविषयीचे गैरसमज

‘मुलगा डॉक्टर आहे आणि वर फौजेत आहे’ एवढे कळले की आपल्याकडे स्थळाची चौकशी जवळजवळ तिथेच आटोपते. पक्की नोकरी, भला मोठा बंगला, स्वस्त कॅन्टीन, दारात सलाम. आणखी काय विचारायचे? प्रश्न पडतात ते लग्नानंतर. पगारपत्रिकेतले निम्मे रकाने कळत नाहीत. पहिल्या बदलीला बंगल्याऐवजी गेस्ट रूमची एक खोली मिळते. मुलगी डॉक्टर असेल आणि जावई नागरी नोकरीत, तर त्यालाही हेच अनुभव येतात.

बहुतेक गोंधळांच्या मुळाशी एकच समजूत असते : रँक कळली की सगळे कळले. रँकवरून पात्रता ठरते, हे खरे. पण महिन्याला हातात किती पडते आणि डोक्यावर कोणते छप्पर येते, हे नेमणुकीचे ठिकाण आणि दप्तरातली नोंद ठरवते. पुढची माहिती मुख्यतः भारतीय लष्कराच्या आर्मी मेडिकल कोअरमधील डॉक्टरांविषयी आहे. वेतनाचे आकडे १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाचे आहेत.

गैरसमज : डॉक्टरांची रँक मानाची, नावापुरती असते.

वस्तुस्थिती : मानद रँक ही वेगळी गोष्ट. सचिन तेंडुलकर यांना २०१० मध्ये हवाई दलाने ग्रुप कॅप्टन केले, ती रँक मानद. लष्करी डॉक्टरला मिळते ते राष्ट्रपतींच्या नावे दिलेले कमिशन. त्याच्या खांद्यावरचे तीन तारे पायदळातल्या कॅप्टनच्या ताऱ्यांइतकेच खरे असतात. ३ एप्रिल १९४३ रोजी स्थापन झालेल्या मेडिकल कोअरमध्ये एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण केलेला डॉक्टर साधारणपणे कॅप्टन म्हणून कामाला लागतो.

फरक आहे तो अधिकाराच्या क्षेत्रात. डॉक्टर लढाऊ पलटणीचे नेतृत्व करत नाही. मात्र लष्करी रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टरच असतो. पलटणीबरोबर राहणारा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर वयाने लहान असला, तरी जवानांच्या प्रकृतीबाबत त्याचा सल्ला कमांडिंग ऑफिसरला गांभीर्याने घ्यावा लागतो. सैनिक कोणत्या कामाला योग्य आहे हे ‘शेप’ या वैद्यकीय श्रेणीवरून ठरते, आणि ती श्रेणी तपासणीच्या निष्कर्षावर अवलंबून असते, समोरच्याच्या रँकवर नाही.

गैरसमज : कॅप्टन म्हणजे कॅप्टन, कोणत्याही दलातला असो.

वस्तुस्थिती : नातेवाइकांत सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. लष्करातला कॅप्टन, नौदलातला सर्जन लेफ्टनंट आणि हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट हे तिघे एका पायरीवर आहेत. त्यांचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होते. नौदलातला सर्जन कॅप्टन मात्र लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो आणि त्याचे मूळ वेतन १,३०,६०० रुपयांपासून सुरू होते. मुंबईत कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदल रुग्णालयातले कॅप्टन आणि पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमधले कॅप्टन यांच्यात तीन पायऱ्यांचे अंतर असू शकते. मधल्या दोन पायऱ्याही लक्षात ठेवाव्यात. मेजर, सर्जन लेफ्टनंट कमांडर आणि स्क्वाड्रन लीडर समान. लेफ्टनंट कर्नल, सर्जन कमांडर आणि विंग कमांडर समान.

गैरसमज : वर्षे भरली की बढती होतच जाते, अगदी जनरलपर्यंत.

वस्तुस्थिती : लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरलेल्या सेवाकाळाशी आणि नेमून दिलेल्या अटी पूर्ण करण्याशी बांधलेली असते. तिथपर्यंत डॉक्टर इतर शाखांतल्या अधिकाऱ्यांपेक्षा लवकर पोहोचतात. पदव्युत्तर पदवी घेऊन सेवेत येणाऱ्याला काही काळाची पूर्वज्येष्ठता मिळते, त्यामुळे एकाच दिवशी रुजू झालेले दोन डॉक्टर वेगवेगळ्या तारखांना मेजर होतात. त्यापुढच्या वाटेवर निवड मंडळ बसते आणि वर जाल तशा जागा मोजक्या होतात. उत्तम शल्यविशारद असूनही ब्रिगेडियर न झालेले कितीतरी असतात. त्यावरून त्यांच्या हातातल्या कौशल्याचा अंदाज बांधू नये.

गैरसमज : नवऱ्याची रँक तीच बायकोची रँक.

वस्तुस्थिती : जोडीदाराला रँक नसते. लष्करी छावणीत सौजन्य म्हणून मान मिळतो, पण त्यातून आज्ञा देण्याचा अधिकार निर्माण होत नाही. कर्नलच्या पत्नीने कॅप्टनच्या पत्नीला काम सांगावे, असा कोणताही नियम नाही. १९६६ साली सुरू झालेली ‘आवा’ ही लष्करी कुटुंबांसाठीची कल्याणकारी संघटना आहे आणि तिचे काम स्वयंसेवी आहे. तिथल्या उपक्रमांत जरूर जावे, ओळखी होतात, अडीनडीला मदत मिळते. पण आपल्या गैरहजेरीमुळे नवऱ्याची बढती अडेल, या धास्तीने जाऊ नये.

स्वतःची रँक कमावणाऱ्या जोडीदाराची गोष्ट वेगळी. डॉ. माधुरी कानिटकर आणि त्यांचे पती राजीव कानिटकर हे दोघेही लेफ्टनंट जनरल झाले. असे हे देशातले पहिलेच दांपत्य. त्या स्वतः बालरोगतज्ज्ञ, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे एएफएमसीच्या, अधिष्ठाता होत्या आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. दोघांचेही तीन तारे आपापले होते.

गैरसमज : मूळ वेतन म्हणजेच पगार.

वस्तुस्थिती : मूळ वेतन हा फक्त पाया. लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये सैन्य सेवा वेतन मिळते. डॉक्टरला त्याशिवाय मूळ वेतनाच्या २० टक्के नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स, म्हणजे एनपीए, मिळतो. या तिन्हींच्या बेरजेवर महागाई भत्ता आकारला जातो. घरभाडे भत्ता मात्र फक्त मूळ वेतनावर.

पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या नव्या कॅप्टनचा हिशेब मांडून पाहू. मूळ वेतन ६१,३००, सैन्य सेवा वेतन १५,५००, एनपीए १२,२६०. बेरीज ८९,०६० रुपये. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्के झाला. त्या दराने ४४,५३० रुपये. पुणे ‘एक्स’ वर्गातले शहर असल्याने घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे १८,३९०. एकूण १,५१,९८० रुपये. वाहतूक भत्ता वगैरे वेगळे. यातून भविष्य निर्वाह निधी, सामूहिक विमा, प्राप्तिकर आणि मेसचे बिल वजा होते. तोच कॅप्टन सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेला की घरभाडे भत्त्याचा रकाना शून्य होतो. ‘पगार कापला’ असे वाटून घाबरण्याचे कारण नाही; भत्त्याच्या जागी घर आले आहे.

गैरसमज : फौजेतला पगार करमुक्त असतो.

वस्तुस्थिती : नाही. लष्करी अधिकारी इतर नोकरदारांसारखाच प्राप्तिकर भरतो. जुन्या करप्रणालीत दुर्गम आणि युद्धसदृश भागांतल्या काही भत्त्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते, तीही पूर्ण पगाराला नाही. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र मिळालेल्यांचे निवृत्तिवेतन करमुक्त असते. सरसकट करमाफीची अफवा अशा मोजक्या सवलतींतून पसरली असावी.

गैरसमज : ड्यूटी संपली की डॉक्टर संध्याकाळी खासगी दवाखाना चालवू शकतो.

वस्तुस्थिती : एनपीए नेमका याच गोष्टीसाठी दिला जातो. खासगी व्यवसाय करायचा नाही, त्याची ती भरपाई आहे. शेजाऱ्याला सर्दीचे औषध सुचवणे निराळे आणि फी घेऊन रुग्ण तपासणे निराळे. ओळखीच्या नर्सिंग होममध्ये ‘फक्त रविवारी’ शस्त्रक्रिया करणेही खासगी व्यवसायातच मोडते.

हे बंधन अधिकाऱ्यावर असते. जोडीदार नागरी डॉक्टर असेल तर तिला किंवा त्याला प्रॅक्टिस करता येते. मात्र सरकारी क्वार्टरमध्ये परवानगीशिवाय दवाखाना थाटता येत नाही. शिवाय बदली परराज्यात झाली, तर तिथल्या वैद्यकीय परिषदेकडे नोंदणीचे काय करावे लागेल, हे सामान बांधण्याआधीच विचारून घ्यावे.

गैरसमज : सियाचीनसारख्या ठिकाणी गेले की पगार कायमचा वाढतो.

वस्तुस्थिती : भत्ता त्या जागेचा असतो, माणसाचा नाही. सातव्या वेतन आयोगानंतर अधिकाऱ्यांचा सियाचीन भत्ता दरमहा ४२,५०० रुपये झाला. अधिकारी खाली उतरला की भत्ताही थांबतो. अशा काळात वाढलेल्या रकमेच्या भरवशावर घराचे किंवा गाडीचे कर्ज काढणारे पुढच्या शांत पोस्टिंगला अडचणीत येतात. हप्ता ठरवताना मूळ वेतन, सैन्य सेवा वेतन, एनपीए आणि महागाई भत्ता एवढेच धरावे.

गैरसमज : बदलीच्या ठिकाणी बंगला तयार असतो.

वस्तुस्थिती : घरे वाटण्याचे काम स्टेशन हेडक्वार्टर करते आणि त्यांची देखभाल मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस, करते. रँकवरून घराचा प्रकार ठरतो, पण त्या प्रकारातली घरे मोजकी असतात. मग प्रतीक्षायादी येते. मोठ्या शहरांत ही यादी लांब असते. नंबर लागेपर्यंत गेस्ट रूम, तात्पुरते घर किंवा बाहेर भाड्याने जागा, असे टप्पे पार करावे लागतात. रुग्णालयाच्या कमांडंटसारख्या काही पदांना घर जोडलेले असते. तरुण कॅप्टनने ती अपेक्षा धरू नये. आणि ‘बंगला’ म्हणावा तो बऱ्याचदा चारमजली इमारतीतला फ्लॅट निघतो.

गैरसमज : क्वार्टर पूर्णपणे फुकट असते.

वस्तुस्थिती : घरभाडे भत्ता सोडणे ही पहिली किंमत. त्यावर परवाना शुल्क, वीज आणि पाणी यांची आकारणी होते. फर्निचर एमईएसकडून घेतले तर त्याचेही भाडे असते. ही रक्कम बाजारभावापुढे किरकोळ असते, म्हणून क्वार्टर फायद्याचे ठरते. घर ताब्यात घेताना भिंतीपासून नळापर्यंत प्रत्येक मोडतोड यादीत लिहून घ्यावी. सोडताना ती यादीच कामी येते, कारण नंतर सापडलेल्या नुकसानीची वसुली होऊ शकते.

गैरसमज : अधिकारी फील्डमध्ये गेला की कुटुंब रस्त्यावर.

वस्तुस्थिती : जिथे कुटुंबाला सोबत नेता येत नाही, अशा फील्ड पोस्टिंगसाठी वेगळी तरतूद आहे. काही ठिकाणी अशा विभक्त कुटुंबांसाठी राखीव घरे असतात. तिथे न राहता कुटुंबाने आपल्या निवडीच्या गावी मुक्काम केला, तर त्या गावाच्या दराने घरभाडे भत्ता मागता येतो. सरकारी घर आणि भत्ता ही दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, सासू-सासऱ्यांची प्रकृती हे सगळे पाहून पोस्टिंगचा आदेश येताच पर्याय निवडावा आणि अर्ज करावा. उशीर केला की राखीव घरांचीही यादी लांबते.

गैरसमज : निवृत्तीनंतर फौज घर देते.

वस्तुस्थिती : निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामे करावे लागते. १९७८ पासून काम करणारी आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ना नफा ना तोटा तत्त्वावर घरे बांधते, पण त्यांचे पैसे घेणारा भरतो. पन्नाशीत पहिल्यांदा घरांच्या किमती विचारायला निघालेली जोडपी या गैरसमजाची किंमत मोजत असतात.

गैरसमज : फौजेतल्या प्रत्येक डॉक्टरला पेन्शन मिळते.

वस्तुस्थिती : कायम कमिशन आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन यांतला फरक लग्नाआधीच विचारावा. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे २० वर्षांची पात्र सेवा लागते. थेट शॉर्ट सर्व्हिसने आलेल्या डॉक्टरची सेवा आधी ५ वर्षांची, मग ५ आणि ४ वर्षांच्या दोन मुदतवाढी, अशी मिळून जास्तीत जास्त १४ वर्षांची होते. दरम्यान कायम कमिशन मिळाले नाही, तर तो ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडतो. नेहमीचे निवृत्तिवेतन त्याला नसते. एएफएमसीतून बाहेर पडणाऱ्या सगळ्यांनाही कायम कमिशन मिळत नाही. कायम कमिशन असलेल्यांची बाजू भक्कम आहे. केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांना २००४ मध्ये लागू झालेली नवी पेन्शन योजना सैन्यदलांना लागू नाही आणि सैन्य सेवा वेतन व एनपीए हे दोन्ही निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरले जातात.

गैरसमज : विवाहाचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे झाले.

वस्तुस्थिती : महापालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे प्रमाणपत्र ही सुरुवात. अधिकाऱ्याच्या सेवा-नोंदीत विवाहाची ‘पार्ट टू ऑर्डर’ प्रसिद्ध झाल्याशिवाय फौजेच्या दृष्टीने जोडीदार अस्तित्वातच येत नाही. आश्रित ओळखपत्र, लष्करी रुग्णालयातले उपचार, कुटुंबासाठीचे घर, कुटुंब निवृत्तिवेतन हे सगळे त्या नोंदीवर उभे असते. मूल झाले की त्याचीही अशीच नोंद करावी लागते. नावातले स्पेलिंग आधार, पासपोर्ट आणि या आदेशात एकच असावे. एका अक्षराच्या फरकाने कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण महिनोन्‌महिने लांबू शकते.

म्हणून लष्करी डॉक्टरच्या जोडीदाराने लग्नाच्या पहिल्या वर्षात चार गोष्टी कराव्यात. कमिशनचा प्रकार नीट समजून घ्यावा. दरमहा पगारपत्रिका दोघांनी मिळून वाचावी. पार्ट टू ऑर्डरची प्रत स्वतःजवळ ठेवावी. विमा आणि भविष्य निर्वाह निधीवरील नामनिर्देशन तपासावे, कारण लग्नाआधी तिथे बहुधा आईवडिलांचे नाव लिहिलेले असते आणि ते आपोआप बदलत नाही.