रेल्वे इंजिनाच्या मॉडेलला खरा रंग कसा द्यावा? सगळा खेळ टेपचा आणि पातळ हाताचा

शेवगाव : आपल्या शेवगावात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर अहिल्यानगर स्टेशन गाठावे लागते. पण इथल्या गॅरेजमध्ये जीप, ट्रॅक्टर आणि ट्रकच्या केबिनला रंग मारणारे कसबी हात भरपूर आहेत. त्यांत आपल्या समाजातलेही बरेच तरुण आहेत. टेप लावून सरळ पट्टा मारणे त्यांना नवे नाही. हेच कसब एका वेगळ्या कामाला येते, ते म्हणजे रेल्वे इंजिनांची छोटी मॉडेल्स रंगवणे.

हा छंद आपल्याकडे नवा नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोक बघायला जातात. अनेक शौकीन परदेशी बनावटीचे मॉडेल घेतात आणि त्याला भारतीय रेल्वेचा रंग देतात. मॉडेल हजारो रुपयांचे असते. गॅरेजची सवय जशीच्या तशी वापरली तर ते एका मिनिटात वाया जाते. म्हणून फरक कुठे आहे ते आधी समजून घेऊ.

जाड रंग इथे चालत नाही

एचओ नावाचे माप जगात सर्वाधिक चालते. त्यात मॉडेल खऱ्या इंजिनाच्या १:८७ असते. डब्ल्यूएपी-७ हे विजेचे इंजिन साधारण साडेवीस मीटर लांब आहे. मॉडेलमध्ये ते २३६ मिलिमीटर होते, म्हणजे साधारण एक वीत.

आता हिशोब बघा. मॉडेलवर ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग बसला, तर खऱ्या इंजिनावर जवळजवळ ९ मिलिमीटरचा थर दिल्यासारखे झाले. जाळीच्या फटी बुजतात, रिव्हेट आणि दरवाजाच्या कडा गायब होतात, आणि इंजिन खेळण्यासारखे दिसू लागते. जीपवर दोन भरघोस हात दिले की चमक येते. इथे चार-पाच अगदी पातळ हात द्यायचे, मध्ये सुकू द्यायचे. मोठी गन नको, एअरब्रश हवा. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय पुरेसा होतो.

थिनरची बाटली लांब ठेवा

गॅरेजमधले एनसी थिनर लोखंडाला काही करत नाही, पण मॉडेलचे प्लास्टिक त्याने विरघळते. जुना रंग काढायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. तेही आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचे. रंग चांगला धरून असेल तर तो काढायचीही गरज नसते. १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलका हात फिरवला तरी चालते.

त्याआधी वरचे कवच मोटारीच्या सांगाड्यापासून वेगळे करा. काचा, दिवे आणि पँटोग्राफ काढून डबीत ठेवा. कवच भांड्याच्या साबणाने धुवून पूर्ण सुकवा. नंतर उघड्या बोटांनी धरू नका, कारण हाताचे तेल लागले की तिथे रंग सुटतो. मग राखाडी प्रायमरचा एक पातळ हात द्या.

आधी फिका, मग गडद

डब्ल्यूएपी-७ चा ओळखीचा रंग पांढरा, त्यावर लाल पट्टा. नवखा माणूस आधी लाल मारून मग पांढऱ्याच्या मागे लागतो. लाल झाकायला पांढऱ्याचे हातावर हात द्यावे लागतात, थर जाड होतो आणि तरीही गुलाबी छटा राहते. म्हणून आधी सगळे अंग पांढरे करा. ॲक्रेलिक असेल तर एक दिवस सुकू द्या, इनॅमल असेल तर दोन-तीन दिवस. मगच टेप घ्या.

टेप लावायची रीत

रोलच्या कडेला धूळ आणि बारीक खाचा असतात. मॉडेलवर त्या लगेच दिसतात, कारण इथला १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळजवळ ९ सेंटिमीटर. म्हणून टेप आधी काचेवर चिकटवा आणि पट्टी धरून नव्या ब्लेडने ताजी कड कापा. चिकटपणा जास्त वाटला तर एकदा पँटवर लावून काढा. मॉडेलवर लावल्यावर लाकडी टूथपिकने कड दाबून बसवा. जाळी किंवा गजाजवळ एकच लांब टेप ताणू नका. छोटे तुकडे जोडा.

आता खरी युक्ती. टेप लावल्यावर लगेच लाल मारू नका. टेपच्या कडेवर आधी पुन्हा पांढऱ्याचाच एक हलका हात द्या. टेपखाली कुठे फट राहिली असेल तर ती पांढऱ्यानेच भरते. वरून लाल मारला की त्याला आत शिरायला जागा उरत नाही.

लाल हाताला चिकटेनासा झाला, पण अजून पुरता कडक झाला नाही, अशा वेळी टेप काढा. वर ओढू नका. टेप स्वतःवरच मागे दुमडत सावकाश सोडवा. रात्रभर ठेवून सकाळी काढू म्हटले, तर कडेचे टवके निघू शकतात.

चाकेही विसरू नका. मॉडेलला वीज रुळातून चाकांमार्फत मिळते. चाकाचा रुळाला टेकणारा भाग टेपने झाकला नाही आणि त्यावर रंग बसला, तर इंजिन जागचे हलणार नाही.

नंबर, मग धूळ

नंबर आणि नाव पाण्यात भिजवून लावायच्या पातळ स्टिकरने येतात. ते मॅट रंगावर लावले तर खाली हवा अडकून पांढुरके दिसतात. म्हणून आधी चकचकीत क्लिअर, मग स्टिकर, शेवटी मॅट क्लिअर. मॅट हात बसला की खेळण्याची चमक जाते.

नंतर धूळ. डिझेल इंजिनाचे छत धुराड्याजवळ काळे होते. विजेच्या इंजिनाला धूर नसतो, म्हणून छतावर काजळी दाखवणे चूक. ब्रेकची तांबूस-तपकिरी भुकटी चाकांवर आणि खालच्या भागावर बसते. पावसाचे ओघळ नेहमी वरून खाली. खडूची बारीक भुकटी कोरड्या ब्रशने थोडी थोडी लावा. कमी वाटली तर वाढवता येते, जास्त झाली तर काढणे अवघड.

अंदाजाने काम करू नका. एकाच इंजिनाचा, एकाच नंबरचा फोटो समोर ठेवा. एकाच जातीची इंजिने वेगवेगळ्या शेडमध्ये वेगवेगळ्या रंगात दिसतात. फोटो नसेल तर गिऱ्हाइकाकडून मागून घ्या आणि त्याच फोटोवर काम ठरवा.

फुप्फुसांची काळजी

काम छोटे आहे म्हणून हवेत उडणारा रंग निरुपद्रवी होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. हार्डनर मिसळायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असते, त्याने कायमचा दमा जडू शकतो. असा रंग घरात मारूच नका. मॉडेलला पाण्यावरचे ॲक्रेलिक पुरते, तेही खिडकी उघडी ठेवून आणि लहान मुलांना लांब ठेवून.

पहिला सराव गिऱ्हाइकाच्या मॉडेलवर नको. घरातली प्लास्टिकची तुटकी मोटार घ्या, पांढरी करा, त्यावर एक लाल पट्टा मारा. टेप काढल्यावर कड नखाला जेमतेम लागली आणि डोळ्याला सरळ दिसली, की समजा हात तयार झाला.